दहा बोटांची वाटणी

वाटणी म्हटलं की आपल्या कानांना आधी भांडण ऐकू येतं. वाडा उभा चिरला जातो, माजघरातून भिंत निघते, तांब्याच्या एका हंड्यावरून जावांची तोंडं वर्षभर दोन दिशांना होतात, आणि एवढं सगळं होऊनही कागदावर एक ओळ उरतेच की विहीर सामाईक. मला एका अतिशय सुसंस्कृत वाटणीबद्दल लिहायचं आहे. तिच्यात वाडा नाही, जमीन नाही, दागिने नाहीत. आहेत फक्त दहा बोटं. ती एका माणसाची होती, तिघांत वाटली गेली, आणि कोर्टाची पायरी कुणालाही चढावी लागली नाही.

ही बोटं योहान सेबास्टियन बाखनं गृहीत धरलेली होती. १७४१ साली न्युरेंबर्गला त्याची एक चोपडी छापून निघाली. ही एक आरिया आहे, सोबत तिची नाना रूपं आहेत, स्वरपट्ट्यांच्या दोन रांगा असलेल्या हार्प्सिकॉर्डसाठी ती रचली आहेत आणि रसिकांच्या जिवाला विरंगुळा हा तिचा हेतू आहे, असं काहीसं मुखपृष्ठावर होतं. आज जग तिला ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ म्हणतं. सुरुवातीला एक संथ, नटलेली आरिया, मग तिची ३० रूपं, शेवटी पुन्हा तीच आरिया. खरी गंमत पुढेच आहे. ही तीस रूपं आरियाच्या त्या देखण्या वरच्या सुरावटीतून निघतच नाहीत. ती सुरावट एकदा दर्शन देऊन जाते ती थेट शेवटीच भेटते. रूपं निघतात खालून, ३२ बारच्या एका खर्जाच्या ओळीतून, जिच्याकडे पहिल्यांदा ऐकताना कुणाचंही लक्ष जात नाही. बत्तीस बार, आणि आरिया दोनदा धरून तुकडेही बत्तीस. बाखला असले हिशेब जुळवायची हौस होती. ऐकणाऱ्याला ते कळले नाहीत तरी त्याचं काही म्हणणं नसे. तर सामाईक विहीर ती ही खर्जाची ओळ.

१९८५ साली बाखच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. त्या निमित्तानं दिमित्री सिट्कोवेत्स्की या व्हायोलिनवादकानं ही एका माणसाची मिळकत तिघांच्या नावावर केली. व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो. चेलोकडे अर्थातच विहीर गेली. व्हायोलिनकडे रस्त्याच्या बाजूचा ओटा, येणारा-जाणारा ज्याच्याकडे बघून घराची पारख करतो तो. आणि व्हिओलाकडे मधली खोली आली, जिला खिडकी नसते आणि जिच्यातून बाकी सगळ्यांना ये-जा करायची असते.

व्हिओला वाजवणाऱ्या माणसाकडे सहसा कुणी बघत नाही. व्हायोलिनहून थोडं मोठं, चेलोहून बरंच लहान असं ते वाद्य. त्याचा आवाज किंचित घोगरा, सर्दी उतरणीला लागलेल्या माणसासारखा. पश्चिमेकडच्या वाद्यवृंदांत व्हिओलावाल्यांवर रचलेल्या विनोदांचा एवढा साठा आहे की त्यातले बरेच खुद्द व्हिओलावाल्यांनीच रचले असावेत, असा मला संशय आहे. इतकी आत्मीयता परक्याला जमत नाही. पण बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल यानं १७७४ साली एका पत्रात कळवून ठेवलं आहे की चारचौघांत बसून वाजवायची वेळ आली की वडिलांना व्हिओला घ्यायला सर्वांत आवडे. ज्याच्यापुढे युरोपातले भलेभले ऑर्गनवाले पायाची बोटं चोळत, तो माणूस मैफलीत मधल्या खोलीत जाऊन बसे. मधे बसलं की दोन्हीकडचं सगळं ऐकू येतं, एवढंच त्यामागचं कारण. एवढ्या साध्या कारणासाठी मानाची जागा सोडणारी माणसं संगीतातच काय, कुठेच फार आढळत नाहीत.

ही तिघांतली वाटणी समोर बसून ऐकण्याचा योग मला एकदा मुंबईत आला. पियानोवर ही रचना वाजवणारा बहुधा तोंडपाठ वाजवतो, डोळे मिटून, छताकडे बघून, स्वतःशी पुटपुटत. तिघांपुढे मात्र तीन स्टँड होते, त्यांवर कागद होते, आणि कागद उलटायचे हात गजात आणि तारांत अडकलेले. त्यामुळे कागद कधी उलटायचा ही एक वेगळीच रचना मूळ रचनेच्या पोटात चालली होती. व्हिओला वाजवणाऱ्या बाई माझ्या डोळ्यांच्या रेषेत होत्या. एका रूपात त्यांना बराच वेळ काम नव्हतं. त्यांनी गज मांडीवर आडवा ठेवला, त्यातला एक तुटलेला केस लोंबत होता तो दोन बोटांत धरून मुळाशी टचकन तोडला, बाजूला सोडला, आणि मग बाकी दोघांचं बोलणं ऐकत बसल्या. नुसत्या ऐकत बसल्या. पैसे घेऊन रंगमंचावर बसलेला माणूस इतक्या उघडपणे श्रोता झालेला मी तोवर पाहिला नव्हता. एका माणसाच्या दहा बोटांतल्या चार बोटांना अशी उसंत कधी मिळाली असेल? पियानोवाल्याचा डावा हात जेव्हा रिकामा असतो तेव्हा तो बेकार असतो. या बाई रिकाम्या असताना हजर होत्या.

त्याच मैफलीत पहिल्या रांगेत एक गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा सदरा, हातात कार्यक्रमपत्रिका. तेराव्या-चौदाव्या रूपाच्या आसपास त्यांची मान हळूहळू खर्जाकडे उतरू लागली आणि पंधराव्यापर्यंत त्यांचा स्वतःचा एक संथ षड्ज लागला. पत्नीनं कोपर मारून त्यांना मध्यसप्तकात आणलं. ते पुन्हा उतरले. आजूबाजूला नापसंतीची चुळबुळ झाली. मला मात्र त्यांच्याबद्दल आदर वाटला, कारण सभागृहात या रचनेचा प्रसिद्ध उपयोग करणारे ते एकटेच होते. बाखचा चरित्रकार फोर्केल यानं १८०२ साली लिहून ठेवलेली कहाणी अशी. काउंट कायझरलिंक हा सॅक्सनीच्या दरबारातला रशियाचा वकील. प्रकृती नाजूक, रात्र रात्र झोप नाही. त्याच्या पदरी गोल्डबर्ग नावाचा तरुण वादक होता, त्यानं शेजारच्या खोलीत रात्री वाजवायचं. काउंटनं बाखकडे मागणी केली की याच्यासाठी काही सौम्य, थोडं प्रसन्न असं लिहून द्या, म्हणजे माझ्या रात्री सुसह्य होतील. बाखनं हे लिहून दिलं. काउंट खूश झाला, ‘माझी व्हेरिएशन्स’ म्हणू लागला आणि त्यानं सोन्याच्या पेल्यात शंभर सुवर्णमुद्रा भरून बाखला पाठवल्या.

अभ्यासकांना ही कहाणी पटत नाही. चोपडीवर काउंटच्या नावे अर्पणपत्रिका नाही. शंभर मोहरा देणाऱ्याचं नाव विसरण्याइतका बाख बेहिशेबी नव्हता. आणि १७४१ साली गोल्डबर्ग होता जेमतेम चौदा वर्षांचा. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. माझं मन मात्र त्या काउंटपाशी थांबत नाही, ते शेजारच्या खोलीतल्या त्या पोरापाशी जातं. चौदा वर्षांच्या मुलाला किती झोप लागते हे ज्यांच्या घरात असा मुलगा आहे ते जाणतात; नगारे वाजवा, तो कूस बदलतो. अशा पोराला थंडीच्या रात्री उठवून, मेणबत्ती लावून, संगीतातल्या अतिशय अवघड रचनांपैकी एक वाजवायला बसवायचं, का, तर सरदारांचा डोळा लागत नाही. काउंटच्या झोपेवर दोनशे वर्षं लिखाण होत आलं. त्या पोराच्या झोपेचा हिशेब कुणीच मांडला नाही. पुढे तो उत्तम वादक झाला, संगीतही रचलं, आणि तिशीच्या आतच, १७५६ साली वारला. त्याच्या स्वतःच्या रचना आता क्वचित कुणी वाजवतं. पण जे त्यानं लिहिलं नाही, कदाचित वाजवलंही नाही, त्यावर त्याचं नाव कायमचं कोरलं गेलं. ही वाटणी त्याच्या वाट्याला कशी आली, हे कोणत्याच दप्तरात सापडायचं नाही.

आता वाद्यांकडे वळतो. हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली की आत पिसाच्या काडीचं टोक तार छेडतं. सूर उमटतो आणि उमटल्या क्षणापासून विझायला लागतो. पट्टी जोरात दाबा, हळू दाबा, सूर तेवढाच. रागही त्याच आवाजात, लाडही त्याच आवाजात. या वाद्यासाठी लिहिणाऱ्याला सुराचं अल्पायुष्य धरूनच चालावं लागतं. तो एक सूर विझायच्या आत दुसरा पेटवतो, लांब सूर हवा असेल तर त्याला कंपनांची झालर लावतो, म्हणजे निदान हलतोय असं तरी वाटावं. गज आला की ही सगळी काळजी मिटते. गज सूर धरून ठेवतो, धरलेला सूर मधेच फुलवतो, हवा तेव्हा मिटवतो. पेटीवर कान तयार झालेल्या आपल्या पिढीला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. पेटीत मींड नाही म्हणून सारंगीवाले नाक मुरडत, आणि तरी पेटीवाले एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर असे काही घसरत की नसलेली मींड ऐकू यायची.

नसलेलं ऐकू येणं ही बाब तशी आपल्या ओळखीची आहे. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ज्यांनी ऐकलं आहे त्यांना आठवत असेल, वाद्य नुसती सुरावट वाजवायचं आणि सभागृहातले ओठ शब्द म्हणायचे. शब्द तारांत नव्हते, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात होते. व्हायोलिन फक्त त्यांना उठवून आणायचं. गोल्डबर्गच्या त्रिकुटात हेच उलट्या बाजूनं घडतं. ज्यांनी ही रचना आयुष्यभर पियानोवर ऐकली, त्यांना तीन गजांच्या आड एक पियानो ऐकू येत राहतो. मग काही वेळानं तो पियानो निघून जातो. नेमका कधी गेला ते कळत नाही.

सगळंच काही या वाटणीत भलं झालं, असं मी म्हणणार नाही. बाखनं काही रूपं मुद्दाम दोन रांगांसाठी लिहिली. त्यांत डावा हात उजव्यावरून उडी मारून वर जातो, उजवा खाली बुडी मारतो, दोघं एकाच जागी येतात. दोन रांगा असल्या तर एकमेकांवरून जाता येतं. पियानोला रांग एकच, त्यामुळे तिथे मनगटावर मनगट चढतं आणि वादकाच्या चेहऱ्यावर सर्कशीतल्या माणसाची ती सुखद घबराट दिसते. पाहणाऱ्यालाही वाटत राहतं की आता गाठ बसणार. तीन खुर्च्यांवर तीन माणसं बसली की ही गाठ बसायची शक्यताच संपली. व्हायोलिनचा गज आणि चेलोचा गज एकमेकांत अडकायचे तर कुणीतरी खुर्ची हलवायला हवी. धोका गेला तशी थोडी मजाही गेली. आणि अठ्ठाविसाव्या रूपातली ती अखंड थरथर, एकोणतिसाव्यात दोन्ही हातांनी आलटून-पालटून कोसळणारे स्वरगुच्छ, ही बोटांची आतषबाजी आहे. तारांवर ती आतषबाजी राहत नाही, मेहनत होते. तिघं घाम गाळून जिना चढतात. पियानोवाला तोच जिना कठड्यावरून घसरत उतरलेला असतो. हा माझा अभिप्राय, आणि एका चेलोवादकासमोर मी तो बोलून दाखवला नाही एवढा शहाणपणा मला आहे.

पण कॅनन घ्या. तिसावं सोडलं तर दर तिसरं रूप कॅनन आहे. एक आवाज काही म्हणायला सुरुवात करतो, दुसरा जरा थांबून तेच म्हणू लागतो, तोवर पहिला पुढे गेलेला असतो. पहिल्या कॅननमध्ये दुसरा आवाज अगदी त्याच सुरावरून निघतो, पुढच्यात एक पायरी सोडून, त्याच्या पुढच्यात दोन, असं करत करत नवव्या कॅननपर्यंत दोघांत नऊ सुरांचं अंतर पडतं. मधे दोनदा तर दुसरा आवाज तेच वाक्य उलटं धरतो. पहिला चढला की हा उतरतो. एकट्या वादकाच्या डोक्यात हे चालतं तेव्हा ती एका माणसाची स्वतःशी चाललेली विलक्षण हुशार बडबड असते. दोन माणसांत तीच वाटून दिली की ओळखीचं काहीतरी दिसू लागतं. व्हायोलिन एक वाक्य ठसक्यात म्हणतं. व्हिओला तेच वाक्य, त्याच शब्दांत, पण आपल्या घोगऱ्या गळ्यानं म्हणते, आणि अचानक त्याचा अर्थ निराळा निघतो. जणू पहिल्यानं जे मिरवलं ते दुसरीनं सोसलं आहे. कागदावर दोन्ही ओळी सारख्याच आहेत. बाखच्या शाईत हा फरक कुठेच नाही, तो माणसं दोन झाली म्हणून आला. खाली चेलो शांतपणे पाणी शेंदत राहतो. सत्ताविसाव्या रूपात, म्हणजे शेवटच्या कॅननमध्ये, बाखनं खर्जाचा स्वतंत्र आवाजच काढून टाकला आहे. दोनच ओळी, एकमेकींच्या मागे. इतका वेळ हात धरून चालवलेल्या पोरांना त्यानं शेवटी रस्ता ओलांडताना सोडून दिलं असावं. तीन माणसं, दोन ओळी. कुणीतरी एक मोकळं. आणि मोकळ्या माणसाचं काय होतं ते आपण वर पाहिलंच.

शुद्धतावाद्यांना हे सगळं ऐकून ठसका लागतो. हार्प्सिकॉर्डचं हार्प्सिकॉर्डलाच शोभतं, म्हणतात. त्यांना बाखनं स्वतः काय उद्योग केले ते सांगावं. व्हिवाल्डीचा चार व्हायोलिनांचा एक कॉन्चेर्तो त्याच्या हाती लागला, तर त्यानं चारही व्हायोलिनं उठवून त्यांच्या जागी चार हार्प्सिकॉर्ड आणून बसवले. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेलं स्वतःचंच एक प्रास्ताविक त्यानं पुढे वाद्यवृंदासह ऑर्गनच्या स्वाधीन केलं. त्याचा शिष्य आग्रिकोला सांगतो की व्हायोलिनच्या एकल रचना तो घरी क्लॅव्हिकॉर्डवर वाजवत बसे आणि हवे तेवढे सूर वरून घालत जाई. वाद्याला जात चिकटवणाऱ्यांतला तो नव्हता. आणि त्याच्या मागून आलेल्या मोझार्टनं १७८२ साली बाखचे पाच फ्यूग, म्हणजे कॅननसारख्याच पाठशिवणीच्या रचना, कीबोर्डवरून काढून चार तंतुवाद्यांना वाटून दिले. दर रविवारी दुपारी बारा वाजता व्हिएन्नात बॅरन फान स्वीटेनकडे जमायचं आणि हेंडेल नि बाखशिवाय काही वाजवायचं नाही, असा तेव्हाचा परिपाठ होता. बॅरननं दिलेले फ्यूग मोझार्ट घरी घेऊन आला, ते ऐकून त्याची भावी पत्नी कोन्स्टान्झे त्यांच्या इतकी नादी लागली की तूही असे का लिहीत नाहीस म्हणून तिनं त्याच्यामागे टुमणं लावलं. बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यानं हे कबूल केलं आहे. फ्यूगसाठी हट्ट धरणारी माणसं संगीताच्या इतिहासात विरळाच.

थोडं विषयांतर करतो, पण ते या वाटणीतल्या विहिरीच्या मालकाबद्दलच आहे. २०१९ साली त्रिओ झिमरमान या त्रिकुटानं सिट्कोवेत्स्कीच्या वाटेनं न जाता, बाखच्या मूळ छापील चोपडीवरून आपली स्वतःची वाटणी केली. तिघांच्याही हातात क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हरीनं केलेली वाद्यं. त्यातली व्हिओला १६७२ सालची, म्हणजे बाखपेक्षा तेरा वर्षांनी वडील. चेलो १७११ चा, त्याचं नाव ‘मारा’. हा चेलो एकदा बुडाला होता. १९६३ च्या जुलैमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या रिओ दे ला प्लाता नदीत एक जहाज बुडालं, त्यावर एक इटालियन त्रिकूट होतं. चेलोवादक वाचला, चेलो पाण्यात गेला. पुढे पेटी सापडली ती आत चेलोचे सुटे झालेले भाग घेऊन. सरस पाण्यानं विरघळला होता. एका परीनं त्या सरसानंच लाकूड वाचवलं, कारण सांधे सुटले म्हणून फळ्या चिरल्या नाहीत. लंडनच्या कारागिरांनी ते भाग पुन्हा जुळवले आणि चेलो बोलू लागला. नदीच्या तळाशी राहून आलेलं वाद्य गोल्डबर्गचा खर्ज धरतं तेव्हा तो खर्ज जरा जास्त खोलवरून येतो, असं मला वाटतं. कानांच्या डॉक्टरला विचारलं तर तो नाही म्हणेल. त्याला विचारायचं नाही.

पंचविसावं रूप याच तळातलं आहे. तिसांपैकी तीन रूपं कोमल स्वरांच्या छायेतली, त्यातलं हे शेवटचं. हार्प्सिकॉर्डला पुन्हा मैफलीत मान मिळवून देणाऱ्या वांडा लांडोव्स्कानं त्याला काळा मोती म्हटलं. वरची ओळ अर्ध्या-अर्ध्या पायरीनं उतरते, मधेच एकदम मोठी झेप घेऊन वर जाते, आणि वर गेल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी परत अर्ध्या-अर्ध्या पायरीनं येते. हार्प्सिकॉर्डवर ती झेप घेतलेला सूर टोकाला पोचतो न पोचतो तोच विरू लागतो. ऐकणाऱ्यानं उरलेला मनात भरून काढायचा. व्हायोलिनवर तो सूर विरत नाही. तो वर जाऊन थांबतो, थरथरतो, खाली बघतो. मला अजून ठरवता आलेलं नाही की यातलं दुःख कोणतं खरं, पुरं बोलता न येणारं की पुरं बोललं गेलेलं. काही रात्री पहिलं वाटतं. पावसाळ्यात दुसरं.

एवढं रडवून बाख तिसाव्या रूपात काय करतो, तर रस्त्यावरची गाणी घेऊन येतो. त्याच्या घराण्याची रीत होती म्हणतात. सगळे बाख वर्षातून एकदा एरफुर्ट, आयझेनाख, आर्नश्टाट अशा कुठल्या तरी गावी जमत. आधी एक भक्तिगीत, कारण बहुतेक सगळे चर्चचेच नोकर, आणि मग जो दंगा सुरू होई त्यात लोकगीतं एकात एक घुसडून, वाट्टेल तशी मिसळून गायची नि हसून लोळायचं. त्या खेळाचं नाव क्वॉडलिबेट. तिसाव्या रूपाचं नावही तेच. त्यातलं एक गाणं बऱ्याच दिवसांच्या ताटातुटीबद्दल आहे. दुसऱ्यात कोबी आणि सलगमाला कंटाळून घर सोडल्याची तक्रार आहे, आईनं मटण रांधलं असतं तर मुक्काम वाढवला असता, असा खुलासाही आहे. नऊ कॅननांनंतर, काळ्या मोत्यानंतर, मानवी बुद्धीच्या या शिखरावर पोचून बाखला आठवते ती न मिळालेली मटणाची वाटी. इथे चार आवाज आहेत आणि वाजवणारे तीन, म्हणजे कुणाला तरी एकाच गजानं दोन तारा एकदम ओढाव्या लागतात. मी पाहिलं तेव्हा तिघंही हसत होते. पियानोवाला इथे एकटा हसतो, आणि एकटा हसणारा माणूस जरा चमत्कारिक दिसतोच.

एकट्याचा विषय निघाला म्हणून शेवटी सांगतो, सिट्कोवेत्स्कीनं आपली वाटणी ज्याच्या स्मृतीला अर्पण केली आहे तो पियानोवादक ग्लेन गूल्ड. १९५५ च्या जूनमध्ये बावीस वर्षांचा हा कॅनेडियन पोरगा न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ओव्हरकोट, मफलर, हातमोजे घालून आला. सोबत गोळ्या, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली एक घडीची खुर्ची. वाजवण्याआधी हात गरम पाण्यात बुडवून बसायचा, वाजवताना गुणगुणायचा, ते गुणगुणणं तबकडीत उतरलंच. अडतीस मिनिटांत त्यानं अख्खं गोल्डबर्ग संपवलं आणि जगप्रसिद्ध झाला. १९६४ साली, एकतिसाव्या वर्षी, त्यानं मैफली कायमच्या सोडल्या. माणसं जमली की त्याला सुचेनासं होई. पुढे दिवसा झोपायचा, रात्री जागायचा, आणि मध्यरात्रीनंतर ओळखीच्यांना फोन लावून तासन्‌तास बोलायचा. खुर्ची तीच, बैठक झिजून नुसता सांगाडा उरला तरी तीच. १९८१ साली त्याच स्टुडिओत त्यानं गोल्डबर्ग पुन्हा वाजवलं, या वेळी एक्कावन्न मिनिटं, आणि पुढच्या वर्षी ४ ऑक्टोबरला, पन्नाशी उलटून नऊ दिवस झाले असताना, गेला. टोरांटोत त्याच्या थडग्यावर आरियाच्या सुरुवातीचे सूर कोरले आहेत.

त्याच्या गोल्डबर्गच्या त्या दुसऱ्या तबकडीनं झपाटलेला सिट्कोवेत्स्की हा पियानोवाल्या आईचा नि व्हायोलिनवाल्या बापाचा मुलगा. आई बेला दाविदोविच, १९४९ च्या शोपाँ स्पर्धेतली विजेती. वडील युलियन, सोव्हिएत रशियातले नामांकित व्हायोलिनवादक, दिमित्री तीन वर्षांचा असताना वारले. आईच्या वाद्याचं संगीत त्यानं वडिलांच्या वाद्याला नेऊन दिलं, असं म्हणण्याचा मोह मला होतो, आणि हा मोह मी आवरत नाही.

आणि अर्पण कुणाला, तर ज्याला खोलीत दुसरा माणूस सोसवत नसे त्याला. तीन माणसं, तीन श्वास, सुरू करण्याआधी तिघांचं एकमेकांकडे बघणं, मांडीवर ठेवलेला गज, हे सगळं गूल्डच्या नावानं. त्याला ते आवडलं असतं का? माझी खात्री आहे की त्यानं मैफलीला यायचं कबूल करून ऐन वेळी सर्दीचं कारण दिलं असतं. मग रेडिओवर ऐकलं असतं. आणि रात्री दोन वाजता त्यानं फोन केला असता, तिघांपैकी एकालाच, बहुतेक व्हिओलावाल्याला. कॅननची गती कशी चुकली, चेलोनं तिथे गज का बदलला, तिसाव्यात हसायचं कारण काय, हे सगळं तीन तास सुनावलं असतं, मधून मधून गाऊन दाखवलं असतं, आणि बाकी दोघांना हे उजाडायच्या आत कळवून टाक म्हणून बजावलं असतं.